बत्तीखालचा माणूस

मराठीच्या मास्तराने क्वेसारवर लिहावे हा आगाऊपणा खरा. पण निमित्त शब्दाचे आहे, तेव्हा वाचकांनी मला थोडे सांभाळून घ्यावे. आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक मला विचारीत होते, की ज्या दीर्घिकेच्या पोटात क्वेसार असतो तिला ‘यजमान दीर्घिका’ म्हटलेले चालेल का? चालेल म्हणजे काय, धावेल! आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचे नाव न घेता ‘आमचे यजमान’ म्हणत. घर त्या यजमानांच्या नावावर असे, पण चारचौघांत ते क्वचितच दिसत. क्वेसारच्या यजमानाची गत नेमकी हीच आहे.

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी अब्जावधी ताऱ्यांची वसाहत. तिच्या मध्यभागी सूर्याच्या कोट्यवधी, क्वचित अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. भोवतालचा वायू त्यात पडण्याआधी गरगर फिरतो, तापतो आणि असा लखलखतो की सगळी वसाहत त्यापुढे फिकी पडते. हाच क्वेसार. लहानपणी गावाकडच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन माणसे चालत. बत्ती लांबून दिसे. ती वाहणाऱ्याचा चेहरा मात्र दोन हातांवरूनही ओळखू येत नसे.

म्हणूनच क्वेसार आधी ताराच वाटला. १९६२ साली ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीने चंद्राचाच पडद्यासारखा उपयोग केला. ‘३सी २७३’ नावाचा रेडिओ-उगम चंद्राआड गेला त्या क्षणांवरून सिरिल हॅझार्ड आणि मंडळींनी त्याची जागा नक्की केली. तिथे, कन्या राशीत, एक साधासुधा तारा! फेब्रुवारी १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या त्याच्या वर्णपटाचे कोडे सोडवले. रेषा ओळखीच्या हायड्रोजनच्याच होत्या, पण तांबड्याकडे सुमारे १६ टक्के सरकलेल्या. म्हणजे ‘तारा’ दोनशे कोटी प्रकाशवर्षांहूनही दूर!

इतका उजेड म्हटला की घर आले, आणि घर म्हटले की शेजार आला. शेजारावरून भांडणे होतात, तशी इथेही झाली. हॉल्टन आर्प नावाच्या ज्योतिर्विदाने १९७१ साली दाखवून दिले, की एनजीसी ४३१९ ही जवळची दीर्घिका आणि मार्केरियन २०५ हा क्वेसारसारखा तेजस्वी गोल यांच्यामध्ये प्रकाशाचा पूल दिसतो. दोघांच्या वर्णरेषा मात्र अगदी वेगवेगळ्या सरकलेल्या. दोघे खरोखर शेजारी असतील, तर रेषांवरून अंतर मोजण्याची सारी पद्धतच डळमळीत होणार! आपले जयंत नारळीकर हे आर्प यांचे म्हणणे गांभीर्याने घेणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांपैकी होते. बहुमत समोर उभे असताना दुसऱ्या बाजूचे पुरावे शांतपणे तपासणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. पुरावा मात्र पुढे उलट बाजूला झुकला. १९९२ मध्ये जॉन बाकॉल आणि सहकाऱ्यांना मार्केरियनच्या प्रकाशात एनजीसी ४३१९ मधल्या वायूची खूण सापडली. तो प्रकाश त्या दीर्घिकेतून गाळून येत होता, म्हणजे मार्केरियन तिच्या मागे, फार मागे. गच्चीवरून पाहिले की समोरच्या घराचा कंदील आणि मागच्या टेकडीवरचा दिवा एकाच दोरीत दिसतात, त्यातला प्रकार.

याच बाकॉल यांनी हबल दुर्बीण क्वेसारांकडे वळवली, तर सुरुवातीला काहींभोवती घरच दिसेना! मग मधला झगझगाट हिशेबाने वजा करून बारकाईने पाहिले, तेव्हा यजमान उमटले. १९९७ साली २० क्वेसारांची यादी प्रसिद्ध झाली. बहुतेकांचे घर लंबवर्तुळाकार दीर्घिकेत, तिघांचे सर्पिल दीर्घिकेत. तीन ठिकाणी दीर्घिकांची एकमेकींशी चक्क ओढाताण चाललेली, आणि दोन ठिकाणी नुसती अंधूक प्रभा. शेजारणीची अशी ओढाताण झाली की वायू मध्यभागी घसरतो आणि कृष्णविवराला खाद्य मिळते, हा विचार त्यामुळे पटू लागला.

ही झाली त्यातल्या त्यात जवळची मंडळी. खरी पंचाईत दूरच्यांची आहे. विश्वाचे वय एक अब्ज वर्षेही नव्हते तेव्हाचे क्वेसार आज दिसतात, आणि त्यांची कृष्णविवरे तेव्हाच सूर्याच्या अब्ज पटींना पोचलेली. इतक्या लवकर इतके वाढायचे तर पंगत मोठी हवी, म्हणजेच भोवती दीर्घिकांची दाटी हवी. २०२३ साली जेम्स वेब दुर्बिणीने असे एक उदाहरण दाखवले. महास्फोटानंतर ८३ कोटी वर्षांनी, सुमारे ३० लाख प्रकाशवर्षे लांबीच्या धाग्यात १० दीर्घिका ओवलेल्या, आणि त्यांच्यात एक क्वेसार. त्याच वर्षी अशा दूरच्या दोन क्वेसारांच्या यजमानांचा ताऱ्यांचा उजेडही प्रथमच वेगळा काढता आला.

सगळे जमले असे वाटत असतानाच २०२४ मध्ये अ‍ॅना-क्रिस्टिना आयलर्स आणि सहकाऱ्यांनी अशाच काही क्वेसारांचा परिसर चाळला. कुणाभोवती भरगच्च वस्ती, तर कुणाभोवती जवळजवळ शुकशुकाट! मग या एकांड्यांना वाढवले कुणी? शेजार असेलही, पण धुळीआड दडला असेल, असा एक तर्क आहे, आणि तो हवेतला नाही. चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या ‘अल्मा’ दुर्बिणीने २५ दूरच्या क्वेसारांचा परिसर तपासला, तेव्हा त्यातल्या चौघांजवळ भराभर तारे घडवणाऱ्या, धुळीने माखलेल्या सोबती दीर्घिका २०१७ सालीच सापडल्या होत्या. त्याआधी त्या कुणाला दिसल्याही नव्हत्या. धूळ नुसत्या उजेडात पडद्यासारखी आड येते, पण अल्मा पकडते त्या लांब लहरींत ती स्वतःच चमकते. एकाकी ठरलेल्या क्वेसारांच्या दारीही तेच निघते का, हे अजून पाहायचे आहे.