न आलेल्याला हाळी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारी आमच्या दारात आला. बुटांवरचा बर्फ त्याने बाहेरच झटकला आणि टोपी काढून हातात धरली, तेव्हाच मी ओळखलं की हा काहीतरी मागायला आलाय. माणूस सोन्यासारखा. दर हिवाळ्यात आमच्या लांबलचक वाटेवरचा बर्फ आपल्या ट्रॅक्टरने सारून देतो, पैशाचं नाव काढू देत नाही. मी त्याला पुरणपोळ्या देते. त्या तो तुपाऐवजी मेपलच्या पाकात बुडवून खातो, त्याला माझा इलाज नाही.

त्याला आमच्या मागच्या माळावर आमिष टाकायचं होतं. एक मेलेलं बीव्हर आणि खाटकाकडची हाडं-चरबी. माळाच्या कडेला जुनी छपरी आहे, तिथे शेगडी पेटवून बसायचं आणि रात्री कायोटी आले की टिपायचे.

आम्ही राहतो अमेरिकेच्या पार ईशान्य टोकाला, मेन राज्यात. आमचे हे इथल्या एका इस्पितळात डॉक्टर होते. निवृत्त झाल्यावर गावाबाहेर 32 एकर घेतले. त्यातले निम्मे रान, निम्मा माळ. कायोटी म्हणजे आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधला प्राणी समजा. मूळचा पश्चिमेकडच्या गवताळ माळांवरचा. पूर्वेकडचे लांडगे माणसाने संपवले, जागा रिकामी झाली, तसा हा सरकत सरकत गेल्या शतकात इकडे पोचला. वाटेत लांडग्यांशी, कुत्र्यांशी संकर झाला, म्हणून इकडचा कायोटी पश्चिमेकडच्यापेक्षा थोराड असतो. हरणं, ससे, उंदीर, बोरं, जे मिळेल ते खातो. आणि हो, कोकरंही.

इथे कायोटी दिवसा बारा महिने मारता येतो. रात्रीची शिकार 16 डिसेंबर ते 31 ऑगस्ट, वेगळा परवाना काढून. इथला आणखी एक रिवाज असा की जमिनीवर मनाईची खूण नसेल तर कुणीही बंदूक घेऊन शिकारीला येऊ शकतो. बांध कोरला म्हणून तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या लोकांना हे खरं वाटणार नाही. आमिष टाकायला मात्र मालकाची परवानगी लागते. म्हणून टोपी हातात.

मी त्याला चहा दिला आणि सगळं विचारून घेतलं. आमिष गोठलं की कायोटीला ते एका घासात पळवता येत नाही, कुरतडत उभं राहावं लागतं. कुणी मरणाऱ्या सशाच्या किंकाळ्या काढणारं यंत्र लावतं. अंगातली ऊब टिपणारी दुर्बीण बंदुकीवर बसवली की काळोखातही जनावर पांढरं लख्ख दिसतं. आमिषापाशी हालचालीवर वाजणारी घंटी ठेवायची, म्हणजे ती वाजेपर्यंत छपरीत डुलकी काढली तरी चालतं. हे सांगताना त्यालाच जरा हसू आलं.

मी माणदेशातली. माझे आबा मेंढरं राखायचे. दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचे, लोकांच्या रानात मेंढरं बसवायचे, रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून बाहेर कुत्री मोकळी सोडायचे. तेव्हा लांडगा हा काही माझ्यासाठी चित्रातला प्राणी नाही. फाटलेलं कोकरू मी सातव्या वर्षी पाहिलंय आणि त्याच्याभोवती ओरडत फिरणारी मेंढीसुद्धा. आबा लांडग्याच्या मागे काठी घेऊन धावायचे, शिव्या घालायचे. पण एकदा वस्तीवरच्या पोरांनी मेलेली शेळी माळावर टाकून लांडग्यांना गोळा करून मारायचा बेत केला, तेव्हा ते त्यांच्यावरच उखडले. "आरं, ज्यानं कोकरू न्हेलं त्येच्या मागं जावा. जो आलाच न्हाई, त्येला हाळी कशाला देताय?"

माझा सगळा आक्षेप या एका वाक्यात आहे. मला शिकारीचं वावडं नाही. इथे नोव्हेंबरात घरटी एखादं हरीण फ्रीजरमध्ये जातं, शेजारी आम्हालाही वाटा देतो, आणि मी त्याचं सुकं करते. पण आमिष गुन्हेगाराला ओळखत नाही. वास जाईल तिथपर्यंतचा जो भुकेला असेल तो येतो. आपल्या जुन्या शिकाऱ्यांचा एक शब्द आहे, गारा, म्हणजे वाघाने मारून ठेवलेलं जनावर. गाऱ्यावर बसणारा शिकारी ज्याने मारलं त्याचीच वाट बघत असतो, कारण तोच परत येतो. कसायाकडची चरबी पसरून बसणं ही वेगळी गोष्ट आहे. शेजाऱ्याला मी म्हटलं, तुझं कोकरू मेलं तर त्या कोकरावर बस, माझ्या हद्दीत बस, मी थर्मासमध्ये चहा भरून देते. तो म्हणाला, कायोटी कोकरू तिथे ठेवतो कुठे, उचलून घेऊन जातो. ते खरं आहे. गेल्या वसंतात त्याची तीन कोकरं अशीच गेली, लोकरीचा पुंजका तेवढा कुंपणाला राहिला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण त्याच्याकडेही एका गोष्टीचं उत्तर नव्हतं. इतकी वर्षं मारून झालं काय? एकट्या केंद्रीय कृषी खात्याच्या माणसांनी 2018 साली 68 हजारांच्या वर कायोटी मारले. खाजगी शिकाऱ्यांचे वेगळे. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी 1975 सालीच हिशेब मांडला होता: दर वर्षी शंभरातले 75 मारत राहिलं, तर कायोटी संपायला पन्नासहून अधिक वर्षं लागतील. कारण त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात. एक जोडपं आपली हद्द राखतं, परक्याला आत येऊ देत नाही. ते जोडपं मारलं की हद्द मोकळी होते, भटकी तरणी जनावरं शिरतात, लहान वयाच्या माद्याही वितात आणि अन्न भरपूर असल्याने पिल्लं जास्त जगतात. माझ्या माळावरचं जोडपं शेजाऱ्याच्या मेंढ्यांना इतकी वर्षं सरावलेलं असेल. त्यांच्या जागी येणारे कसे निघतील ते कोणी सांगावं? शिवाय पिल्लं एप्रिल-मेमध्ये होतात आणि रात्रीची शिकार ऑगस्ट अखेरपर्यंत चालू. म्हणजे आमिषावर आलेली आई पडली की बिळातली पिल्लं उपाशी मरणार. याला शिकार म्हणायला माझी जीभ वळत नाही.

हा धडा आपल्याकडे जुन्नरला शिकून झालाय. ऊसपट्ट्यात पिंजऱ्यात शेळी बांधायची, बिबट्या अडकला की नेऊन दूर जंगलात सोडायचा. फेब्रुवारी 2001 पासून 29 बिबटे असे हलवले. त्याआधी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. नंतर ते 17 वर गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे मांडले. शेळीच्या वासाने पिंजऱ्यात आलेला बिबट्या तोच, ज्याने माणूस धरला, हे कुणी ठरवलं होतं? पिंजरा भरला की गाव शांत होतं, पुढाऱ्याचा फोटो निघतो. माझ्या माळावर पाच कायोटी ओळीने निजवून फोटो काढला, तरी शेजाऱ्याचं एप्रिलमधलं कोकरू वाचेलच असं नाही.

आणि रात्र ती रात्रच. ऊब दाखवणाऱ्या दुर्बिणीत जनावराचा आकार दिसतो, जात दिसत नाही. डिसेंबर 2021 मध्ये न्यू यॉर्क राज्यात एकाने कायोटी समजून 85 पौंडांचं, म्हणजे जवळजवळ 39 किलोंचं जनावर मारलं. डीएनए तपासल्यावर तो लांडगा निघाला, ज्याला इथे कायद्याचं संरक्षण आहे. आमिषावर गरुडही उतरतात. शिशाची गोळी लागलेलं कलेवर तसंच टाकून दिलं की गरुड ते खातो. 2022 सालच्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या गरुडांच्या हाडांत दीर्घकाळ साचलेल्या शिशाच्या विषबाधेच्या खुणा सापडल्या. शेजारी गरुड दिसला की ट्रॅक्टर थांबवून बघत राहणारा माणूस आहे. हे ऐकून तो बराच वेळ गप्प बसला.

मी परवानगी दिली नाही. हे मला म्हणाले, आता बर्फ कोण सारणार? तीही भीती होतीच. शेजाऱ्याला मी एवढंच सांगितलं की उजेडी कोकरांच्या कुंपणाशी आलेला कायोटी त्याने मारला, तो माझ्या हद्दीत पळून पडला, तर मी एक शब्द बोलणार नाही. आणि आबांच्या वाघरीची गोष्ट सांगितली. रात्री मेंढरं आत, कुत्री बाहेर. कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत दोन दशकांहून अधिक काळ हेच करतात, कुंपणं आणि राखणीची कुत्री. सरकारी सापळेवाल्याऐवजी पैसा तिकडे वळवला. शेजाऱ्याने मार्चमध्ये विजेचं कुंपण घातलं. कुत्र्याचा खर्च परवडत नाही म्हणतो. या वसंतात एक कोकरू गेलं. बर्फ अजून तोच सारतो, पण पुरणपोळीचा डबा परत करताना आता उंबऱ्याच्या आत येत नाही.

मेनमध्ये झाडाच्या बुंध्यावर जांभळा उभा पट्टा मारला की त्याचा अर्थ, इथे विचारल्याशिवाय यायचं नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघांनी डबा आणि ब्रश घेऊन हद्दीवरची झाडं रंगवली. अमेरिकेत गावाबाहेर जमीन घेतलेली आपली मंडळी आता कमी नाहीत; शनिवार-रविवारपुरते जातात, बाकी जमीन तशीच पडलेली. त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या खेपेला मागच्या कुंपणापर्यंत चालत जा. हाडांचा ढीग दिसला तर तो कोणी टाकला ते शोधा आणि त्याला चहाला बोलवा.