गुठळी टाकून देण्यापूर्वी

हृदयातील सौम्य, म्हणजे कर्करोगाच्या जातीच्या नसलेल्या गाठींमुळे हृदयविकाराचा झटका येणे अत्यंत दुर्मीळ असले, तरी ज्या रुग्णाच्या बाबतीत ते घडते, त्याची बंद पडलेली रोहिणी मोकळी करूनही मूळ कारण हृदयातच राहते आणि गाठीचा पुढचा तुकडा मेंदूकडे जाण्याचा धोका कायम असतो.

प्रौढांमध्ये याबाबत प्रामुख्याने दोन गाठींचा विचार करावा लागतो. मिक्सोमा ही मऊ, श्लेष्मल गाठ सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत डाव्या अलिंदात, दोन्ही अलिंदांमधील पडद्याला देठाने चिकटलेली आढळते. तिचा किंवा तिच्यावर साचलेल्या गुठळीचा तुकडा सुटला, तर तो बहुधा मेंदूत जातो. हृद्रोहिण्या, म्हणजे हृदयस्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या, अरुंद मुखाच्या असून महारोहिणीतून जवळजवळ काटकोनात निघत असल्याने त्या बऱ्याच अंशी बचावतात. दुसरी गाठ, पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा, झडपांवर वाढते आणि मिठाच्या द्रावणात ठेवली की तिचे बारीक तंतू समुद्रफुलासारखे उलगडतात. आकाराने ती बहुधा दीड सेंटिमीटरहून लहान असते, परंतु महारोहिणीच्या झडपेवर असल्यास हृद्रोहिणीचे मुखच अडवून आकस्मिक मृत्यू घडवू शकते.

अँजिओग्राफीत हृद्रोहिण्या स्वच्छ दिसल्या, तर अनेकदा तपास तिथेच थांबतो, हे खेदाने नमूद करावे लागते. कारण अडकलेला तुकडा दरम्यान विरघळलेला किंवा पुढे सरकलेला असू शकतो. तरुण वय, मधुमेह-तंबाखूचा अभाव, पूर्वीचा पक्षाघात, रेंगाळलेला ताप, घटलेले वजन आणि वाढलेला ईएसआर (तांबड्या पेशी तळाशी बसण्याचा वेग) यांची सांगड घातली गेली, तर संशय वेळीच बळावतो. इको, म्हणजे हृदयाची ध्वनिलहरींनी तपासणी, करताना केवळ निलयाच्या भिंतींची हालचाल न पाहता अलिंदे आणि झडपाही पाहाव्यात, आणि शंका उरल्यास अन्ननलिकेतून इको करावा. झडपेवर गाठ असल्यास कॅथेटर निलयात नेणे टाळलेलेच बरे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती कॅथलॅबमध्ये शोषून काढलेली गुठळी. ती ट्रेमध्ये पडून राहते आणि कचऱ्यात जाते. वास्तविक ती फॉर्मालिनमध्ये घालून विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवली, तर श्लेष्मल द्रव्यात विखुरलेल्या तारकाकृती पेशी निदान पक्के करू शकतात. गुठळी विरघळवणारी औषधे फायब्रिनवर काम करतात, गाठीच्या ऊतकावर नाही, हेही औषध निष्फळ ठरल्यास आठवावे.

स्टॉकहोम येथे क्लॅरेन्स क्रॅफोर्ड यांनी 1954 मध्ये हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साहाय्याने अलिंदातील मिक्सोमा यशस्वीपणे काढला, तेव्हापासून ही गाठ शस्त्रक्रियेने बरी होणारी आहे. मात्र देठाच्या बुडाचा पडदाही काढावा लागतो आणि कौटुंबिक स्वरूपाच्या कार्नी विकारात ती पुन्हा उद्भवण्याची शक्यता अधिक असल्याने अशा रुग्णाच्या भावंडांचा व मुलांचाही इको करून घ्यावा.