टपावर काय आणि खाली कोण?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेख द्या, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा आमच्या वर्गात बहुतेकांनी कविता द्यायचे ठरवले. दोघीतिघींनी स्त्रीमुक्तीवर लिहायला घेतले. मी मात्र गाडीच्या टपावर सामान कसे न्यावे, या विषयावर लिहीत आहे. प्राध्यापक मंडळी हसतील, हे मी गृहीत धरले आहे. पण गेले दोन महिने आमच्या घरात याच एका प्रश्नावर जेवणे थंड झाली आहेत, आणि माझे त्यावर ठाम मत बनले आहे.

आमचे घर घोटावड्यात. आप्पांनी अठरा वर्षे टेम्पो चालवला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आणि नानांनी मिळून एक जुनी सात आसनी गाडी घेतली. घरात माणसेही बरोबर सातच : आप्पा, आई, नाना, काकू, धाकटा भाऊ, मी आणि आज्जी. हिशेब जुळला म्हणून सगळे खूश होते. पण सात आसनी गाडी विकणारा एक गोष्ट सांगत नाही. सात माणसे बसली, की मागच्या दाराशी दळणाचा एक डबा कसाबसा मावतो. सामान न्यायचे असेल तर मागची बैठक आडवी पाडावी लागते. म्हणजे गाडी सात माणसांची किंवा सामानाची, दोन्हीची नाही.

हे आम्हाला कळले ते गेल्या दिवाळीच्या सुटीत. हरिहरेश्वरला जायचे ठरले. पौड, मुळशीचे धरण, ताम्हिणीचा घाट आणि मग खाली कोकण. पहाटे सामान भरायला सुरुवात झाली. पिशव्या, सतरंज्या, शेगडी, छोटी गॅसची टाकी, तांदूळ, पिठाचा डबा, पाण्याचे दोन कॅन. मागची बैठक पडली. मग अर्धी उरली. मग तीही भरली. आज्जी ओट्यावर नवे लुगडे नेसून बसली होती. ती एवढेच म्हणाली, "माझ्या गुडघ्यानं काय व्हायचं न्हाय, तुमी जावा." कोणी फार आग्रह केला नाही. मीही केला नाही. तीन दिवसांनी परत आलो तेव्हा तिने विचारले, "समिंदर कसा हाय गं? लई मोठा अस्तो का?"

सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आज्जीने समुद्र पाहिलेला नाही, आणि तिच्या जागेवर बसून पिठाचा डबा समुद्र पाहून आला.

यंदा पुन्हा जायचे ठरले तेव्हा नाना म्हणाले, टपावर पेटी बसवू. पावसाळ्यात शनिवार-रविवारी घोटावडे फाट्यावर उभे राहिले, की हिंजवडी-पुण्याकडून ताम्हिणीला निघालेल्या गाड्यांची रांग दिसते. त्यांतल्या काहींच्या डोक्यावर काळी, गुळगुळीत, होडी पालथी घातल्यासारखी पेटी असते. नानांच्या मनात ती भरली होती. आप्पांचे म्हणणे वेगळे. फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी कॅरिअर करून घ्यायचे, वर ताडपत्री, आणि दोर. "येष्टीच्या टपावर अख्खी बाजारपेठ जायची, तवा पेटी होती का?" वाद मिटेना, तेव्हा दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिले. "तू कॉलेजात जातीस. तूच वाच आन् सांग."

माझ्यासारख्या, घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मुलामुलींना हे वाक्य ओळखीचे असेल. बँकेचा कागद आला, तू वाच. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, तू वाच. मी इतिहास घेतला आहे आणि इंग्रजीच्या पेपरात जेमतेम पास होते, हे घरी सांगून उपयोग नसतो. मी गाडीच्या खणातले माहितीपुस्तक काढले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते कधी बाहेरच आले नव्हते. शब्दकोश घेऊन बसले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला हवी ती ओळ सापडली : टपावर जास्तीत जास्त ५० किलो, कॅरिअरच्या वजनासह.

मित्रमैत्रिणींनो, सारा प्रश्न या एका ओळीत आहे. दुकानदार पेटी विकतो ती लिटरवर. तीनशे लिटर, चारशे लिटर, आणखी मोठी. ऐकणाऱ्याला वाटते, केवढी जागा! पण टपाला लिटर कळत नाहीत, किलो कळतात. बहुतेक प्रवासी गाड्यांना ही मर्यादा ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते आणि लहान गाड्यांना सहसा कमीच. नानांनी पसंत केलेली पेटी १७ किलोंची, तिच्याखालच्या आडव्या पट्ट्या ५ किलोंच्या. म्हणजे २२ किलो रिकामेच वर गेले आणि सामानाला उरले २८. मग आप्पांच्या पसंतीचे बघू म्हणून आम्ही वेल्डिंगवाल्याकडचे एक तयार कॅरिअर काट्यावर चढवले. ते भरले २६ किलो! सामानाला उरले २४. पेटीवाल्या नानांना आप्पा हसत होते ते गप्प झाले.

आप्पांनी मग खरा प्रश्न विचारला, आणि तो विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही विचारावा असा आहे. "मी सोता टपावर चढून दोर बांधतो. माझं वजन सत्तर. टप वाकत न्हाय. मग पन्नासच का?" पूर्वी वडापच्या जीपवर आठ-आठ माणसे बसून गेलेली त्यांनी पाहिली आहेत. उत्तर असे आहे, की उभ्या गाडीचा टप पुष्कळ सोसतो. मर्यादा आहे ती धावत्या गाडीची. वळणावर वरचे वजन गाडीला बाहेर ओढते. ब्रेक दाबला की ते पुढे झेपावते आणि त्याचा सारा ताण बांधणीवर येतो. वजन जितके उंच, तितका गाडीचा तोल जायला सोपा. ताम्हिणीच्या वळणांवर ज्यांना उलटी होते त्यांना तरी हे समजावून सांगायला नको. शिवाय टपावर ठेवले म्हणून ते वजन गाडीच्या एकूण भारातून वजा होत नाही. सात माणसे, खालचे सामान, वरचे सामान, सगळे त्याच चार चाकांवर. टायरमध्ये हवा किती भरायची याचा तक्ता बहुधा दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. भरल्या गाडीचा आकडा त्यात बऱ्याचदा वेगळा असतो. आप्पांनी तो दोन वर्षांत प्रथमच वाचला.

एस.टी.चा दाखला मात्र मला सहजासहजी सोडवत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशी पहिली एस.टी. धावली, आणि पुढे कितीतरी वर्षे मागच्या शिडीवरून टपावर चढणारे सामान हे एस.टी.चे रूपच होते. कांद्याची पोती, कोंबड्यांच्या पाट्या, नव्या नवरीची ट्रंक, सायकल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीच्या डोक्यावरही कॅरिअर असायचेच. त्यांतली शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. आपल्याकडे डोक्यावर ओझे घेण्याची लाज कधी नव्हती. पण एस.टी. ही बस होती, तिचा सांगाडा त्या हिशेबाने बांधलेला होता. आमच्या गाडीचा पत्रा बोटाने दाबला तर आत जातो.

पेटीला उगाच नावे ठेवणे बरे नव्हे. तिला कुलूप असते, पावसाचे पाणी आत येत नाही, आकारामुळे वारा कमी अडतो. स्वीडनची थुले ही यातली नावाजलेली कंपनी १९४२ सालापासूनची आहे. थंड देशांत लोक बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या अशा पेटीतून नेतात. पेटी लांबट का, ते यावरून कळते. आपण तीत सतरंज्या नेणार! ज्यांना वर्षातून आठ-दहा वेळा दूरचा प्रवास आहे, रात्री गाडी रस्त्यावर उभी करायची आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी. आम्हाला वर्षातून दोन वेळा जायचे. त्यासाठी देशी पेटीलाच पंचवीस हजारांच्या पुढे सांगत होते, आणि एवढ्या पैशांत माझी पदवी पुरी होऊन वर एस.टी.चा पास निघेल. वापर नसतानाही लोक पेटी टपावरून उतरवत नाहीत, हेही मी फाट्यावर पाहिले आहे. रिकामी पेटीसुद्धा वारा अडवते. महामार्गावर वेग वाढला, की हा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तेल जास्त जळते. मग ती वर्षभर मिरवायची कशाला? नानांना हे बोलल्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पेटीवर माझा खरा आक्षेप आणखी निराळा आहे. मोठी पेटी आणली, की तिच्या मापाचे सामान घरात आपोआप तयार होते.

म्हणून मी एका रविवारी स्प्रिंगचा काटा मागून आणला आणि मागच्या वेळी नेलेले सगळे सामान पडवीत मांडून एकेक वस्तू टांगली. सात जणांचे कपडे २६ किलो. सतरंज्या, चादरी, टॉवेल ९ किलो. शेगडी, टाकी, भांडी, धान्य, पीठ आणि पाणी मिळून ६१ किलो! जागा खाल्ली होती ती स्वयंपाकघराने. आईचा चेहरा पडला. "सात माणसांचं भाईरचं जेवान म्हंजी किती व्हतं, म्हाईत हाय का?" तिचे खरेच होते. आमच्या घरात बाहेर जेवणे म्हणजे पैसे उडवणे. पण मला आठवले, की मागच्या वेळी आई तीन दिवस शेगडीपुढेच होती आणि समुद्रावर आली ती दिवस मावळल्यावर. मी ते बोलून दाखवले. आई काही बोलली नाही, काकू मात्र म्हणाली, "पोरगी काय खोटं बोलत न्हाय."

बराच खल होऊन ठरले ते असे. टाकी घरी राहील. ती टपावर तर नाहीच, माणसांच्या पायाशीही नको. पहिल्या दिवसाच्या भाकऱ्या, चटणी, ठेचा घरून. पुढे दिवसातून एकदा खानावळीत. पाणी वाटेत भरायचे. जे जड ते खाली, मागच्या दाराशी, तळाला. जे हलके आणि मऊ ते वर. आणि वर ना पेटी, ना लोखंडी कॅरिअर; जाड, पाणी न शिरणारी कापडी बॅग, तिच्याखाली रबरी जाळीची चटई, आणि दोन्ही बाजूंच्या दांड्यांना पट्टे. बॅग, चटई, पट्टे मिळून ५ किलो. कपडे आणि अंथरूण ३५. बेरीज ४०. पन्नासाच्या आत दहा किलो हाताशी.

यात एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. पुष्कळ गाड्यांच्या टपावरचे दांडे नुसते शोभेचे असतात. प्लॅस्टिकचे, वरून चिकटवलेले. त्यांना पट्टा बांधणे म्हणजे हवेला बांधणे. भार घेणारे दांडे आहेत की शोभेचे, हे माहितीपुस्तकात पाहावे. आमचे भार घेणारे निघाले. कापडी बॅगेला कुलूप नाही, म्हणून रात्री ती उतरवून खोलीत न्यावी लागेल. ते काम धाकट्याकडे लावले आहे. चेन मागच्या बाजूला ठेवायची, म्हणजे समोरून येणारा पाऊस आत घुसत नाही. आणि टपाची उंची किती वाढली ते मोजून ठेवायचे. शहरात वाहनतळाच्या आडव्या दांडीला, आमच्याकडे बाभळीच्या फांदीला.

चटई कशासाठी, हे मी आज्जीला समजावू लागले तर ती म्हणाली, "चुंबळ म्हन की." ज्या बाईने जन्मभर डोक्यावरून पाणी, सरपण, भारे वाहिले तिला ओझे पसरून कसे घ्यावे हे मी काय सांगणार! चुंबळ नीट नसली तर ओझे डोक्यावर राहत नाही, मानेत उतरते, असे ती म्हणते. तिच्या आईच्या माहेरचे गाव मुळशीच्या धरणात गेले. सेनापती बापटांच्या सत्याग्रहाचा, १९२१ ते २४ चा तो काळ मी पुस्तकात वाचला. आज्जीने त्यातले एवढेच ऐकले आहे, की घर सोडताना एका बाईने डोक्यावर जाते घेतले आणि पितळेची भांडी मागे ठेवली.

आप्पांना हरल्यासारखे वाटू नये असे मला वाटत होते. पण पट्टे बांधायची वेळ आली तेव्हा कळले, की पुस्तकात न सापडलेले त्यांच्या हातात आहे. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यात तो भुंग्यासारखा वाजत नाही, हे त्यांनी दाखवले. निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरांवर थांबून सगळे पुन्हा ओढायचे, कारण सामान दबते आणि बांधणी सैल होते. आम्ही ताडपत्री, गाद्या घालून फाट्यापर्यंत एक फेरी मारली. थांबून पाहिले तर पट्टा खरोखरच चार बोटे सैल झाला होता.

परीक्षा संपली की निघायचे आहे. मधल्या बैठकीत खिडकीशी आज्जी, तिच्या शेजारी मी. तिला गुडघे पसरता यावेत म्हणून तिथे पायाशी काहीही ठेवायचे नाही, असे नानांनीच बजावले आहे. काल आज्जीने आपले गाठोडे बांधून माझ्यापुढे ठेवले आणि काट्याला लावायला सांगितले. तीन किलो दोनशे. "वर टाकतीस का खाली?" तिने विचारले. मी वर म्हणाले. तिने मान हलवली, गाठोडे उचलले आणि मांडीवर घेतले.