जमैकाच्या कन्या
कॅरिबियन समुद्रांतील जमैका बेटाची लोकवस्ती ३० लाखांच्या आंतच आहे. तेथील पुरुषांचा फुटबॉल संघ १९९८ सालीं फ्रान्समध्यें विश्वचषक खेळला. स्त्रियांचा संघ मात्र पुढें द्रव्याभावीं मोडला. तिजोऱ्यांचा हा स्वभाव वाचकांस अपरिचित नसावा!

मग सुप्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांची कन्या सेडेला यांच्या मुलानें शाळेंतून एक पत्रक घरीं आणलें. त्यांत या संघासाठीं मदतीची याचना होती. बाईंनीं २०१४ पासून पैसा उभा केला, आणि २०१९ सालीं फ्रान्समध्येंच हा संघ विश्वचषकास उतरला. कॅरिबियन बेटांतून तेथवर पोहोंचलेला स्त्रियांचा हा पहिलाच संघ. तिन्ही सामने हरला. १२ गोल खाल्ले, एक केला.

२०२३ च्या स्पर्धेपूर्वीं पुनः तीच रड. एका खेळाडूच्या आईस लोकांकडून वर्गणी जमवावी लागली, आणि खेळाडूंनीं आपल्याच संघटनेच्या गैरव्यवस्थेविरुद्ध जाहीर पत्र काढलें. कित्येकांस हा उद्धटपणा वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. देशासाठीं खेळावयाचें आणि प्रवासखर्चासाठीं आईनें दारोदार पदर पसरावयाचा, यांत लाज कोणाला वाटावयास हवी होती?

अशा तयारीनिशीं त्या ऑस्ट्रेलियांत उतरल्या. फ्रान्सशीं बरोबरी, पनामावर एका गोलानें विजय, ब्राझीलशीं पुनः बरोबरी. तीन सामन्यांत एकही गोल त्यांनीं होऊं दिला नाहीं. ब्राझीलचा संघ घरीं परतला. जमैकाच्या मुली मात्र पुढील फेरींत गेल्या व कोलंबियाकडून अवघ्या एका गोलानें हरल्या.