ग्दान्स्कच्या मैदानावरची घोषणा: लेहिया क्लब, १९८३ आणि प्रेक्षकांचा इतिहास

१/ २८ सप्टेंबर १९८३. पोलंडमधील ग्दान्स्क शहरात लेहिया हा दुसऱ्या श्रेणीतील क्लब इटलीच्या बलाढ्य युव्हेंटसविरुद्ध खेळला आणि २-३ असा हरला. तरीही पोलंडच्या आधुनिक इतिहासात या पराभवाला अनेक विजयांहून मोठे स्थान मिळायला हवे. त्याचे कारण मैदानात नव्हे, प्रेक्षकांत शोधावे लागते.

२/ आधी क्लबविषयी. लेहियाची स्थापना १९४५ची. युद्धानंतर जर्मन डान्झिगचे पोलिश ग्दान्स्क झाले. जर्मन रहिवासी गेले आणि पूर्वेकडून विस्थापित पोलिश कुटुंबे आली. त्यांपैकी अनेकांचे ल्वुव शहर (आजचे युक्रेनमधील ल्विव) सोव्हिएत संघात गेले होते. ल्वुवमध्ये १९०३ साली स्थापन झालेला लेहिया नावाचा जुना क्लब होता. त्याचेच नाव आणि पांढरा-हिरवा रंग या नव्या शहरात रुजले. घर हरवलेल्या माणसांनी नावाच्या रूपाने आपले गाव सोबत आणले.

३/ ऑगस्ट १९८०मध्ये याच शहराच्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यातील संपातून ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. १३ डिसेंबर १९८१ रोजी मार्शल लॉ लागू झाला. हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले आणि ऑक्टोबर १९८२मध्ये संघटनाच बेकायदा ठरली. सुटकेनंतर तिचा नेता लेक वालेसा सरकारच्या लेखी केवळ एक खासगी व्यक्ती उरला होता.

४/ अशा काळात तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या लेहियाने १९८३चा पोलिश चषक जिंकला. अंतिम सामन्यात प्यास्त ग्लिवित्से २-१ असा पराभूत झाला. या चषकामुळे क्लबला युरोपीय स्पर्धेचे दार उघडले आणि समोर आला मिशेल प्लाटिनी व पोलंडचाच झ्बिग्न्येव्ह बोनियेक यांचा युव्हेंटस. तुरीनमधील पहिली लढत लेहियाने ०-७ अशी गमावली.

५/ म्हणजे ग्दान्स्कमधील परतीच्या लढतीत खेळापुरते पणाला लावण्यासारखे काही उरले नव्हते. तरीही मैदान तुडुंब भरले. लेहियाने काही काळ २-१ अशी आघाडीही घेतली. निर्णायक गोल बोनियेकचा. पण त्या दिवसाचा खरा प्रसंग घडला तो वालेसा प्रेक्षकांत आहे हे लोकांना कळले तेव्हा. हजारो कंठांतून त्याचे नाव आणि बंदी घातलेल्या संघटनेचे नाव घुमू लागले. सरकारी दूरचित्रवाणीने हा आवाज दाबण्याचा प्रयत्न केला.

६/ एका घोषणेने राजवट कोसळत नाही, हा आक्षेप रास्त आहे. १९८९च्या सत्तांतरामागे संप, आर्थिक दिवाळखोरी, चर्चचा आधार आणि मॉस्कोचे बदललेले धोरण होते. परंतु संघटना संपली, हा सरकारी दावा त्या दिवशी परदेशी पाहुण्यांदेखत खोटा ठरला. अवघ्या आठवड्याने, ५ ऑक्टोबरला, वालेसाला शांततेचे नोबेल जाहीर झाले.

७/ हे मैदानावरच का घडले? सभांना मज्जाव होता, सामन्याला नव्हता. गर्दीत चेहरा हरवतो, त्यामुळे एकट्याला न परवडणारे धाडस समूहाला परवडते. जेथे व्यासपीठ, वृत्तपत्र आणि मतपेटी हिरावली जाते, तेथे खेळाचे मैदानच सभागृह बनते.

८/ मात्र येथेच सावध राहायला हवे. ज्या निनावीपणाने १९८३मध्ये धैर्य दिले, त्यानेच १९८९नंतर पोलंडच्या अनेक मैदानांवर हुल्लडबाजी, वांशिक शेरेबाजी आणि उग्र राष्ट्रवादी फलक यांना आडोसा दिला. क्लबांतील वैराने रक्तपातही घडवला. दडपशाहीविरुद्ध लढलेल्या पूर्वजांचा वारसा सांगून दुर्बळांवर चाल करणे, ही त्या वारशाचीच विटंबना होय.

९/ म्हणून प्रेक्षकांना सरसकट क्रांतिकारक ठरवणे जितके भाबडे, तितकेच त्यांना सरसकट गुंड ठरवणे आळशीपणाचे. घोषणा कोणाच्या विरोधात आहे आणि ती देणाऱ्याला कोणती किंमत मोजावी लागू शकते, हे दोन प्रश्न विचारले की फरक स्पष्ट होतो. १९८३च्या घोषणेचा रोख सत्ताधीशांवर होता आणि तिची किंमत नोकरी किंवा तुरुंग असू शकत होती.

१०/ इतिहासाची पुस्तके करार, ठराव आणि नेत्यांची भाषणे जपतात. प्रेक्षकांच्या आरोळीचा दस्तऐवज मात्र सहसा कोणी ठेवत नाही. ग्दान्स्कच्या त्या संध्याकाळी धावफलकावर २-३ लिहिले गेले. लोक काय बोलत होते, ते धावफलक सांगत नाही. ते शोधून नोंदवणे हेच इतिहासकाराचे काम.