नित्यपूजेवाचून उत्सव

भोपाळचा हॉकीवेडा मनुष्य संघ हरला की फार बोलतो. लंडनला २०१२ साली भारत सहाही सामने हरून बारा संघांत बारावा आला, तेव्हा ऐशबागच्या मैदानाबाहेर आम्हीही तावातावाने बोललोच.

दोष कोणाचा? म्हणे कृत्रिम हिरवळीचा! ती १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये आली आणि आपण सातवे आलो, हे खरे. पण ऑस्ट्रेलिया नि हॉलंड तरी कशावर वाढले होते? गवतावरच ना? त्यांनी मैदाने बदलली. आम्ही अर्धे शतक तेच रडगाणे गात आहो.

दुसरा आधार पूर्वपुण्याईचा. अहमद शेर खान १९३६ साली बर्लिनला खेळले. त्यांचे चिरंजीव अस्लम यांनी १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून अखेरच्या मिनिटांत बरोबरी साधली. ही कथा आम्ही पोथीसारखी वाचतो. मात्र तोवर ते बाकावर बसून होते, हा अध्याय गाळतो.

टोकियोला २०२१ साली कांस्यपदक मिळाले, संघात भोपाळच्या अकादमीत घडलेला विवेक सागर प्रसाद होता. आम्ही जागे झालो. २०२३ च्या विश्वचषकात घरच्या मैदानावर उपांत्यपूर्व फेरीही हुकली, पुन्हा निजलो. पॅरिसच्या पदकाने २०२४ साली पुन्हा जागे! उत्सवात पालखीला खांदा द्यायचा आणि एरवी गाभाऱ्यात दिवाही लावायचा नाही, अशातली ही भक्ती.

गल्लीतले सामने पाहायला गेल्या वर्षी आम्ही किती वेळा गेलो? आणि मुलाने दहावीच्या वर्षी स्टिक हाती घेतली, तेव्हा ती माळ्यावर टाकणारे आम्हीच.