बिनहिशेबी गोळी



जानेवारीत आमच्या जुन्या पलटणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला होता. फिरोजपूर छावणीतल्या आमच्या फॅमिली क्वार्टरमधला. टॉवेलात गुंडाळलेलं दीड महिन्याचं मांजराचं पिल्लू, डोळे चिकटलेले, नाक वाहतंय. धुक्याच्या दिवसांत एमटी शेडमधल्या एका गाडीखाली सापडलं, मुलीनं घरी आणलं आणि नाव ठेवलं भुरी. अर्ध्या तासात ग्रुपवर सल्ल्यांची फैर झडली. पॅरासिटामॉलची पाव गोळी दे. छातीला बाम चोळ. कापूर हुंगव. दुधात हळद घालून पाज. एका माजी सुभेदारसाहेबांनी नातवाच्या खोकल्याचं उरलेलं औषध किती थेंब द्यायचं तेही कळवलं. आणि दोघांनी विचारलं, 'काय रे, पेन्शन जवळ आली म्हणून मांजरं पाळायला लागलास?'

पेन्शनचं राहू द्या. त्या पाव गोळीबद्दल मात्र लिहायचं आहे आणि गोड शब्दांत लिहिणार नाही, कारण तो सल्ला मी एकदा पाळलेला आहे.

2011 साली बबीन्याला होतो. लंगरच्या रेशन स्टोअरमध्ये उंदरांसाठी एक मांजरी होती, तिचं एक काळं पिल्लू शिंकायला लागलं. अंग गरम लागत होतं. मी पाव गोळी कुस्करली आणि दुधातून पाजली. मोठं पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं. संध्याकाळी त्याचं तोंड सुजलं, लाळ गळायला लागली, हिरड्या मातकट निळ्या पडल्या. पहाटेच्या फॉलइनच्या आधी ते गेलं. 'निमोनिया झाला असणार,' असं मी सगळ्यांना सांगितलं आणि मलाही कित्येक वर्षं तेच खरं वाटत होतं. पुढे मेरठला असताना जनावरांच्या एका डॉक्टरसाहेबांना सहज हा किस्सा सांगितला. त्यांनी मला मधेच थांबवून एकच विचारलं, 'हिरड्यांचा रंग कसा होता?' मी रंग सांगितला. ते काही बोलले नाहीत, आणि तेवढ्यानं मला कळायचं ते कळलं.

आपलं यकृत पॅरासिटामॉलला एका आम्लाशी बांधून शरीराबाहेर काढतं. मांजराच्या यकृतात ते बांधण्याची ताकद जवळजवळ नसतेच. औषधाचं विष बनतं, रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं आणि ते प्राणवायू वाहून नेईनासं होतं. फुप्फुसं श्वास घेत असतात, पण शरीर आतून गुदमरतं. आता हिशेब करा. 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग म्हणजे 125 मिलिग्रॅम. पिल्लू साधारण 600 ग्रॅमचं. 70 किलोच्या जवानाला याच मापानं द्यायचं तर एका वेळी 29 गोळ्या होतात. कोणता नर्सिंग असिस्टंट देईल? फायरिंग रेंजवर एक रिकामं खोकं कमी भरलं तर आपण अंधारात बॅटरी घेऊन गवत चाळतो. ही गोळी मात्र कोणीही, कोणालाही, हिशेबाशिवाय चालवतो.

'मग अजून थोडी कमी द्यावी,' असं एकानं लिहिलं. नाही साहेब. घरच्या घरी मांजराला देण्याजोगं पॅरासिटामॉलचं सुरक्षित माप नाही. आपली दुखण्यावरची बाकीची औषधंही, आयब्युप्रोफेन असो की डायक्लोफेनॅक, तिला देऊ नयेत. बामातला कापूर आणि निलगिरीचं तेलही तिला विषारी, आणि मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं. दुधानं पुष्कळ पिल्लांना जुलाब लागतात. सर्दीनं आधीच सुकलेल्या पिल्लाला जुलाब म्हणजे काय, हे राजस्थानात पोस्टिंग केलेल्यांना सांगायला नको.

राहिलं उरलेलं अँटिबायोटिक. मांजरांची ही सर्दी बहुतेक वेळा विषाणूंची असते, एक नागिणीच्या विषाणूच्या कुळातला आणि दुसरा कॅलिसी. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मागाहून जिवाणू शिरले तर डॉक्टर देतात, वजन करून. घरातले डोळ्यांचे थेंबही तसेच. त्यात स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळाच जायचा. भुरीला काय औषध मिळालं ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की उद्या कोणीतरी तेच आणून पाजेल.

घरी सांभाळायचं म्हणजे घरी डॉक्टरकी करायची, असा आपला समज झालाय. घरी करायची असते शुश्रूषा. ती कंटाळवाणी असते आणि तिच्यात मर्दुमकी दिसत नाही, म्हणून ती सोडून आपण गोळीकडे धावतो. संत्रीला आठ-आठ दिवस काही घडत नसताना उभं राहता येतं, त्याला हे जमू नये?

आमच्याकडे ड्युट्या लागल्या होत्या. बाथरूमचं दार लावून गरम पाण्याच्या बादलीची वाफ कोंडायची आणि भुरीला मांडीवर घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून तीनदा. तिचं तोंड बादलीवर धरायचं नाही, भाजतं. डोळे आणि नाक उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसायचे, एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला लावायचा नाही. चिकटलेली पापणी ओढायची नाही, भिजू द्यायची. ही माझी ड्युटी होती. पहिल्या दिवशी माझे हात इतके जड वाटले की बायकोनं कापूस काढून घेतला.

खाणं हे खरं मोर्चाचं काम. नाक चोंदलं की मांजराला वास येत नाही, आणि वास नाही तर ते अन्नाला तोंड लावत नाही. उकडलेली कोंबडी बारीक करून, मीठ-कांदा-लसूण काही न घालता, कोमट करून बोटावर धरायची. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. पहिले दोन दिवस 610, 590. तो आकडा बघून बायकोनं नाश्ता केला नाही.

ऊबही हवी, पण खोलीत कोळशाची अंगीठी नाही. बंद खोलीतल्या अंगीठीबद्दल दर हिवाळ्यात हुकूम निघतात ते आपल्यासाठीही आहेत आणि त्या धुरानं सुजलेली नाकंही बिघडतात. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवली, बाजूला सरकायला जागा ठेवून. फिनेल बंद केलं. आपल्या बराकी ज्यावर चमकतात ते फिनेल मांजराला विष आहे. फरशी ब्लीचच्या पातळ पाण्यानं पुसली आणि ती सुकेपर्यंत भुरीला दुसऱ्या खोलीत ठेवलं. शेजारच्या क्वार्टरमधलं मांजर लांब ठेवलं, कारण हा आजार आपल्या हातांवरून, कपड्यांवरून दुसऱ्या मांजराकडे जातो.

आणि हो, पहिल्याच दिवशी तिनं मला ओरबाडलं होतं. जखम साबणानं पंधरा मिनिटं धुतली आणि थेट एमआय रूम गाठून रेबीजच्या सुया घेतल्या. 'एवढुशा नखाला?' म्हणणारे तिथेही भेटले. रस्त्यावरच्या पिल्लाच्या बाबतीत ही चैन परवडत नाही.

दुसऱ्या दिवशी वजन उतरलं तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात नेलं. पंजाबातला दवाखाना, सगळी रांग म्हशींची. दोन म्हशींच्या मधल्या वेळात डॉक्टरांनी भुरीला तळहातावर घेतलं, हिरड्या पाहिल्या, पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली, छाती ऐकली. 'पिल्लू दिवसभर जेवलं नाही तर घरी थांबायचं नाही,' ते म्हणाले, 'आणि तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर रात्र असली तरी निघायचं.' पैसे विचारले तर हातानंच नको म्हणाले. शेजारची म्हैसवाली आजी मात्र माझ्याकडे बघून हसत होती. फौजी, मिशा आणि खिशात मांजर.

पाचव्या दिवशी काटा 640 वर गेला. शिंका जायला दोन आठवडे लागले. डावा डोळा अजून अधूनमधून पाणावतो. पहिल्या जातीचा विषाणू असेल तर तो अंगात कायमचा दबा धरून बसतो, ताण आला की उठतो, असं डॉक्टर म्हणाले. आमची बदली मार्चमध्ये आहे. रेल्वेचा दोन रात्रींचा प्रवास. लसीचा पहिला डोस बरं झाल्यावर झाला, दुसरा निघण्याआधी बसवायचा आहे.

सुभेदारसाहेबांचा परवा फोन आला होता. त्यांच्या गल्लीतलं एक पिल्लू शिंकतंय म्हणाले. मी आधी विचारलं, काही दिलंत का? 'नाही रे,' म्हणाले, 'तुझी वाट बघत होतो.' मग अर्धा तास बाथरूम, बादली आणि कोंबडी यांवर बोललो. त्यांच्याकडे वजनकाटा नाही, शेजारच्या वाण्याकडे आहे. सकाळी सातला दुकान उघडलं की पिल्लू घेऊन जाणार आहेत.